ओळखीतला पोट्टा

अमरावतीत कोणाच्याही घरी नवा कॉम्प्युटर जोडला आणि तो चालू झाला नाही, की फोन दुकानदाराला जात नाही. दुकानदार पैसे घेतो. फोन जातो ओळखीतल्या पोट्ट्याला. हा पोट्टा आज पंचेचाळिशी ओलांडून गेला आहे, त्याची मुलगी बारावीला आहे, केसांना कलप लावायचंही त्यानं सोडून दिलं आहे. तरी साईनगरापासून शेगाव नाक्यापर्यंत तो पोट्टाच. "तुमच्या ओळखीत एखांदा कॉम्प्युटरवाला पोट्टा हाय का हो?" असं विचारलं, की प्रत्येक जण मोठ्या तोऱ्यात "हाय ना!" म्हणतो, आणि दहा जणांच्या ओळखी शेवटी एकाच माणसापाशी येऊन थांबतात.

पोटापाण्यासाठी तो भलतंच काहीतरी करतो. कुठं लॅब असिस्टंट असतो, कुठं पतसंस्थेत कारकून, कुठं विम्याचे हप्ते गोळा करतो. पण पेन्टियम आणि विंडोज ९८च्या जमान्यात राजकमल चौकाजवळच्या कुठल्यातरी माडीवर त्यानं हार्डवेअरचा कोर्स केलेला असतो. पुढं २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली आणि उभा महाराष्ट्र माऊस धरायला शिकला. हा तोवर कॅबिनेट उघडून बसलेला होता. त्या कोर्सवाल्यांबद्दल त्याचं मत अजून बदललेलं नाही. "थे लोक कॉम्प्युटर चालवते. आपुन चालू करतो."

त्याचं सगळं ज्ञान कानात होतं. जुन्या मदरबोर्डवर एक छोटा भोंगा असे. एक लांब शिट्टी आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड. लांब शिट्ट्यांची रांग लागली म्हणजे रॅम. हा दारातून आत यायच्या आधी, व्हरांड्यात चपला काढता काढताच रोग सांगायचा आणि घरातल्या बायका त्याच्याकडं वैद्याकडं पाहावं तसं पाहायच्या. आताच्या बोर्डांवर बहुधा भोंगा नसतोच. त्याऐवजी चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट. ज्याचं दुखणं, त्याचा दिवा पेटलेला राहतो. ही सोय कोणालाही वाचता येते, हेच त्याला सलतं. "आता कॉम्प्युटर बोलतच नाई राजेहो. मुका झाला," असं तो म्हणतो, आणि मनापासून म्हणतो.

हत्यारं मोजकी. एक पेचकस, एक टेस्टर, रंगाचा जुना ब्रश आणि खोडरबर. सुटे स्क्रू चुन्याच्या डबीत. खोडरबर पाहून नवखा माणूस हसतो, पण त्यात तथ्य आहे. रॅमच्या पट्टीची सोनेरी कड मळली, की संपर्क तुटतो. ती खोडरबरानं हलकेच घासून, दोन्ही बाजूंनी कट् आवाज येईपर्यंत खाचेत दाबून बसवली, तर मेलेली कितीतरी यंत्रं उठून बसतात. हा 'कट्' त्याच्या आयुष्यातला सर्वांत आवडता आवाज आहे. पेचकसाचा प्रयोग त्याहून देखणा. कॅबिनेटचं बटण जोडलेलं नसलं, तरी बोर्डावरच्या पॉवरच्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवलं की यंत्र सुरू होतं. बटणही तेवढंच करतं, पण ते तो सांगत नाही. प्रेक्षक थक्क होईस्तोवर तो पेचकस हवेत तसाच धरून ठेवतो.

घरात आल्यावर तो लगेच कॉम्प्युटरकडं पाहत नाही. आधी बसतो. पाणी पितो. मग प्रश्न येतो, "कुठून घेतला?" याला बरोबर उत्तर नाही. सीताबर्डीहून आणला म्हटलं तर, "नागपूरले कायले गेले? इथं काय भेटत नव्हतं?" इथूनच घेतला म्हटलं तर, "आरं बाप्पा! नागपूरले काहून नाई गेले?" आणि ऑनलाइन मागवला म्हटलं, तर तो काहीच बोलत नाही. दुसरा ग्लास पाणी मागतो. कोणी चुकून "पुण्याच्या इंजिनीअरला विचारू का?" असं म्हणालंच, तर मात्र गाठ आहे. "पुण्यात परम कोनं केला? १९९१ साली? भटकर सायबानं. थे कुठचे? मुरंब्याचे. मूर्तिजापूर तालुका, जिल्हा अकोला. आपल्या शकुंतला रेल्वेच्या टेसनचे." माहिती खरी आहे. विजय भटकरांचं गाव मुरंबाच आणि परम ८००० हा महासंगणक तयार झाला तोही १९९१ सालीच. त्यातून समोरचा डबा चालू कसा होणार, हा प्रश्न तेवढा उरतो.

उन्हाची त्याला पर्वा नाही. २०२४च्या मे महिन्यात उष्णतेमुळं अकोल्यात १४४ कलम लावलं होतं. त्या आठवड्यातही हा जठारपेठेत मावसभावाचा प्रोसेसर का तापतो ते पाहायला गेला. "पाच जनाइले बंदी व्हती. मी तर एकटाच," हे त्याचं स्पष्टीकरण. प्रोसेसर तापायचं कारण कूलरच्या बुडाला चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म निघालं. ती काढायची राहून गेली होती. असे दोष त्याला मनापासून आवडत नाहीत. केबल ढिली, फिल्म राहिली, मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावली, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला आठ पिनांचा प्लग लावायचाच विसरला. नव्या जोडणीतले बहुतेक दोष याच जातीचे असतात आणि दोन मिनिटांत सुटतात. दोन मिनिटांच्या कामाला चहा मिळतो, आलूबोंडा मिळत नाही. म्हणून असा दोष सापडला, तरी तो लगेच सांगत नाही. आधी वीज पुरवणारा एसएमपीएस बाहेर काढून हिरवी वायर काळीला जोडतो, पंखा फिरवून दाखवतो, "पॉवर बरोबर हाय" असं गंभीरपणे जाहीर करतो आणि मग कोणाचं लक्ष नसताना ती केबल दाबतो.

त्याच्या इतिहासात एक स्फोट असतोच. जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर एक लाल खटका असे: ११५ आणि २३०. तो ११५वर ठेवून आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात बटण दाबलं, की बंदुकीसारखा बार होऊन धूर निघे. ही गोष्ट तो नेहमी दुसऱ्याच्या नावावर सांगतो. पण सांगताना डावा हात आपोआप भुवईकडं जातो.

तर अशा या गृहस्थाला मी पूर्ण तेजात पाहिलं ते मागच्या उन्हाळ्यात, आमच्या शेजारच्या मास्तरांकडं. मास्तर निवृत्त. नातू इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यानं व्हिडिओ पाहून पाहून स्वतः कॉम्प्युटर जोडला होता: नवा रायझन, डीडीआर ५ची बत्तीस जीबी रॅम, आतून रंगीबेरंगी दिवे. आजीनं काचेवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे नाचले, पडदा काळा. पोरानं दोन मिनिटं वाट पाहिली आणि बंद केला. पुन्हा चालू. पुन्हा दोन मिनिटं. सकाळपासून हेच चाललेलं.

ओळखीतला आला. कुठून घेतला, पाणी, परम ८००० हे सगळं यथासांग झालं. मग त्याचं लक्ष खोलीतल्या कुलरकडं गेलं. "हा कुलर डब्यावर काहून सोडला? ओली हवा जाऊन रायली अंदर." कुलर फिरवायला हरकत नव्हती, पण फिरवला की आजीची हवा जाते. बाहेर चव्वेचाळीस अंश. आजी आणि यंत्र यांत कोणाला गारवा द्यायचा यावर घरात क्षणभर खरोखर मतभेद झाला, आणि आजी हरली.

त्यानं रॅम काढली, घासली, कट् करून बसवली. पडदा काळा. दुसरी पट्टी काढून एकीवरच चालवून पाहिलं. काळा. मग बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढली. ती काढली की बोर्ड आपली सगळी आठवण विसरतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. बटण दाबलं. रॅमजवळचा पिवळा दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. पोरगा पुन्हा बंद करायला सरसावला, तेवढ्यात घरातल्या काकूंचा हात कॅबिनेटला लागला आणि त्या "आई गं!" म्हणून मागं सरल्या.

ओळखीतल्याचा चेहरा उजळला. खिशातला टेस्टर निघाला, पत्र्याला टेकला, आणि त्यातला दिवा मिणमिणला. "आता सांगतो," तो म्हणाला. "मशीनले काईच नाई झालं. तुमच्या घराले अर्थिंग नाई."

हे मात्र अस्सल निदान होतं. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळायला बारीक कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींना पत्र्याशी जोडतात. तिसऱ्या पिनेतून तो गळका प्रवाह जमिनीत गेला तर ठीक. जमीनच नसेल तर पत्रा अर्ध्या दाबावर, म्हणजे एकशेदहा-पंधरा व्होल्टवर लटकून राहतो. प्रवाह अगदी किरकोळ, माणूस मरत नाही, पण मुंग्या येतात. आणि वऱ्हाडात हे उन्हाळ्यातच जास्त होतं, कारण अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत. पावसाळ्यात हीच माती ओल धरून वीज छान वाहून नेते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

"खड्डा कुठं हाय?"

या प्रश्नानं घर हादरलं. घर बांधून तीस वर्षं झालेली. मास्तर म्हणाले मीटरखाली. काकू म्हणाल्या संडासामागं. पोरगा म्हणाला, खड्डा म्हणजे काय? सगळे भर दुपारी अंगणात उतरले, मीही उतरलो. पेव्हर ब्लॉक उचकटून पाहिले, तुळशीचं वृंदावन सरकवायचं ठरलं. शेवटी दारात उभ्या राहिलेल्या आजीनं सांगितलं, "पेरूच्या झाडाखाली पाय ना बाप्पा. वायरिंगवाल्यानं माह्या घरातलं मीठ नेलं व्हतं, पाच किलो. कोयसा त्यानं आनला." तीस वर्षांपूर्वीचं मीठ आजी विसरली नव्हती. पेरूखाली पाइप निघाला. त्याला दोरी बांधून कुरडयांचं फडकं वाळत घातलेलं.

"दोन बकेटा पानी टाका."

"पानी?" काकूंचा आवाज चढला. "नळ आता परवा येईल. प्यायला जपून वापरून रायलो आम्ही, आन तुम्ही जमिनीत ओतता?"

शेवटी भांडी घासलेलं पाणी मंजूर झालं. ते पाइपाच्या तोंडात ओतलं, भुरभुर बुडबुडे आले, सगळे घामेजून आत परतले. आणि पडद्यावर कंपनीचं चिन्ह झळकत होतं.

आजीनं हात जोडले. मास्तरांना शब्द सुचेना. नातू खोलीभर नाचला. ओळखीतला खुर्चीत टेकला आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, "गिलावडे सांगा."

आता खरी गोष्ट. अर्थिंगचा आणि पडद्याचा काही संबंध नव्हता. डीडीआर ५ रॅम नव्या बोर्डावर पहिल्यांदा बसली, की बोर्ड तिची तालीम घेतो: किती वेगानं झेपेल, कोणत्या क्षणी वाचायचं, सगळं चाचपून पाहतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. काही वेळा यात पाच-दहा मिनिटं जातात आणि तोवर पडदा ठार काळा राहतो. पोरगा दर दोन मिनिटांनी ते मधेच तोडत होता. आमच्या पाहुण्यानं बॅटरी काढून आणखी एकदा मुळापासून सुरू करायला लावलं. खड्डा शोधण्याच्या भरात कॉम्प्युटरला कोणी हात लावला नाही, एवढाच काय तो इलाज झाला.

हे मी त्याला आठवड्यानंतर पंचवटी चौकात भेटला तेव्हा सांगितलं. तो जराही चपापला नाही. "मले मालूम नाई का थे? पोट्ट्याले 'थांब' म्हटलं असतं तर थो थांबला असता? म्हनून तर सगळ्याइले बाहेर काढलं." मला वाटतं, त्याला त्या दिवशी ठाऊक नव्हतं; मधल्या आठवड्यात त्यानं कुठंतरी वाचलं असावं. पण शपथेवर सांगणार नाही. दोन पिढ्यांचे पत्रे उघडलेल्या माणसाला लोकांना खोलीबाहेर कधी काढायचं, हे कळत असणारच. आणि त्यानं पैसे घेतले नाहीत, हेही खरं. मदरबोर्डाचं रिकामं खोकं तेवढं नेलं, मुलीच्या पुस्तकांना.

कॉलनीत मात्र त्या दिवसापासून कोणाचं वायफाय मंद झालं तरी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी पडतं. हसू नका, तुम्हीही टाका. त्यानं कॉम्प्युटर चालू होणार नाही. पण मे महिन्यात प्रत्येक घरात लोखंडी कुलर पाणी भरून उभा असतो, आणि त्याची वायर सुटली तर तो मुंग्या आणून थांबत नाही, जीव घेतो. तेव्हा आजच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून तो खड्डा शोधा, बादलीभर पाणी ओता, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. ओळखीतला नको, पैसे घेणारा बोलवा.