थरकाका

शीवच्या किल्ल्याखालच्या कॉलनीत त्यांना थरकाका म्हणतात. दहीहंडीशी त्यांचा काही संबंध नाही. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी पहिलं काय घेतलं, तर भिंग. तेव्हापासून ते दगडांच्या थरांत संस्कृती वाचतात आणि माणसांशी फरशीकडे बघून बोलतात.

पाहुणा आला की त्याला चपला काढू न देता गडावर नेतात. तळाचा खडक ज्वालामुखीचा, कोट्यवधी वर्षांचा. त्यावर जेराल्ड अंजियर गव्हर्नर असताना, 1669 ते 1677 दरम्यान, इंग्रजांनी बांधलेला किल्ला. अलीकडे कंपनीचं परळ बेट, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. शीव म्हणजे हद्दच. आणि भिंतीवर खिळ्यानं कोरलेले बदाम. ‘सर्वांत वरचा थर,’ काका वहीत नोंदवतात, ‘अक्षर गचाळ, बाणाची दिशा स्पष्ट.’

वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये बेडकांचे जीवाश्म सापडले. मुंबईकर ओल आलेल्या जागेत राहतो ती परंपरा इतकी जुनी, असं काकांचं मत. परळच्या शिलाहारकालीन गधेगाळावर तर त्यांचा विशेष जीव. दान मोडणाऱ्याला त्यावर गाढवाची शिवी आहे, चित्रासकट. तसाच एक दगड मेंटेनन्स थकवणाऱ्यांसाठी गेटवर बसवावा, असा ठराव काकांनी सोसायटीत मांडला. सेक्रेटरींनी मजकूर वाचलाच नाही. चित्र पाहिलं आणि चहा सांगितला.

काकांचा खरा अधिकार मात्र स्वयंपाकघरात. कुणाकडेही गेले की आधी ओटा बघतात. खाली शहाबादी असेल तर घर गिरणीच्या पगारातलं. कडाप्पा आला, म्हणजे घरात उभ्यानं स्वयंपाक करणारी सून आली. ग्रॅनाइट म्हणजे मुलगा आयटीत. मग ‘पाटा-वरवंटा कुठाय?’ पाटा गॅलरीत कुंडीखाली, वरवंटा लोणच्याच्या दादऱ्यावर वजन म्हणून. ‘मिक्सरचं आक्रमण,’ नोंद होते. पाट्याला टाकी लावणारी शेवटची कधी आली, यावर एकदा तीन बिऱ्हाडांत जुंपली. तो निकाल लागेपर्यंत काकांनी दोन बशा भजी संपवली.

गेल्या मे महिन्यात काकांना मुतखडा झाला. डॉक्टरांनी काढला, तर यांनी तो मागून घेतला आणि कापून पाहिला. आत खरोखरच वळी होती, गाभ्याभोवती एकेक. कॉलनी जमवून वाचन सुरू झालं: हा गाभा निवृत्तीचा, हा जाड पट्टा सोसायटीच्या निवडणुकीचा, ही बारीक रेघ लॉकडाऊनची.

काकूंनी भिंग हिसकावून घेतलं.

“अहो, सगळ्या थरांत एकच लिहिलंय. गडावर जाताना पाण्याची बाटली न्या म्हणून सांगत होते.”

काकांनी वही उघडली. ‘स्थानिक लोकपरंपरा,’ त्यांनी लिहिलं, ‘वेगळं सांगते.’