बुरोंडीत क्रोन्स : नवशिक्यांसाठी निर्लज्जपणाचे धडे

अभिनंदन! तुम्हाला झालेल्या आजाराचं नाव दापोलीजवळच्या बुरोंडीत कुणी ऐकलेलं नाही. त्यावरचा उपाय मात्र घरटी एकाला ठाऊक आहे. या अभ्यासक्रमाला शिक्षणाची अट नाही. रिपोर्टांची फाइल, पाण्याची बाटली आणि बदलायला एक पँट जवळ असली की झालं. लाज असेल तर ती आधी उतरवून ठेवा, पुढचं सगळं तिच्याशिवाय करायचं आहे.

सुरुवात नावापासून. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी या आजारावर लेख लिहिला. नावं वर्णानुक्रमे छापली गेली आणि आजार क्रोनसाहेबांच्या नावावर चढला. ओपनहायमर पहिले आले असते तर दापोलीच्या औषधाच्या दुकानात काय काय ऐकावं लागलं असतं याचा विचार करा आणि समाधान माना.

हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं ती जागा त्याच्या विशेष आवडीची. जंतूंशी लढायला ठेवलेली आपलीच प्रतिकारशक्ती आतड्याच्या भिंतीवर तुटून पडते. सूज सलग नसते. मुंबई-गोवा महामार्गासारखा प्रकार असतो : थोडा पट्टा गुळगुळीत, मग एकदम खड्डे, पुन्हा गुळगुळीत. पोटात कळा, जुलाब, ताप, उतरत जाणारं वजन, कधी तोंडात फोड, कधी सांधे धरलेले. आनुवंशिकता, आतड्यातले जंतू आणि धूम्रपान यांचा यात हात असतो, पण एकच एक कारण वैद्यकशास्त्राला अजून सांगता आलेलं नाही. गावाला सांगता येतं : मुंबईला असताना तुम्ही बाहेरचं खाल्लंत.

आपल्याकडे एक जास्तीची परीक्षा असते, टीबीची. आतड्याचा टीबी नेमका त्याच कोपऱ्यात बसतो, तसाच ताप आणतो, तसंच वजन उतरवतो आणि बायॉप्सीतही कधी कधी दोघे एकसारखे दिसतात. म्हणून आपल्या देशात अनेकांना आधी टीबीची औषधं देतात आणि काही महिन्यांनी दुर्बीण घालून पुन्हा बघतात. जखमा भरल्या नाहीत की क्रोन्सचं पारडं जड होतं. तेव्हा गोळ्या फुकट गेल्या म्हणून डॉक्टरांवर चिडू नका. टीबी असताना क्रोन्सची औषधं सुरू करणं जास्त धोक्याचं. टीबीच्या नावाने घरात तुमचं ताट-भांडं वेगळं निघालं असेल, तर ते आता मुकाट्याने मांडणीवर परत ठेवायला सांगा. क्रोन्स कुणाकडून कुणाला लागत नाही.

आता माणसं भेटायला येतील. शेजारच्या काकी कुड्याचं पाळ उगाळून द्यायला सांगतील, अण्णा देवाला गाऱ्हाणं घालायला सांगतील, आणि पुण्याहून आलेला भाचा 'स्ट्रेस घेऊ नकोस मामा' म्हणून आणखी स्ट्रेस देऊन जाईल. गाऱ्हाणं खुशाल घाला, त्याने गोळीला बाध येत नाही. पाळ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात जाऊ देऊ नका. दुखतंय म्हणून कुणी खिशातून वेदनाशामक गोळी काढून दिली, तर तीही नको. त्या जातीच्या बऱ्याच गोळ्या आतड्याला आणखी चिडवतात. बिडी पीत असाल तर ती आजच सुटायला हवी. या आजारात तिच्याइतकं नुकसान करणारं गावात दुसरं काही मिळत नाही.

खाण्याचा धडा सर्वांत कठीण, कारण कोकणात 'नको' हे उत्तर समजलं जात नाही. आजार उसळलेला असेल तेव्हा पेज, मऊ भात, बिनतिखटाचा मासा. आतडं अरुंद झालेलं असेल तर मे महिन्यातली फणसाची भाजी आणि ऋषिपंचमीची ऋषीची भाजी पाहुण्यांना वाढा, स्वतः घेऊ नका. चोथा नेमका अरुंद जागी अडकतो. 'एवढ्याशाने काय होतंय?' असं कुणी म्हणालं तर काय होतं ते तपशीलवार, जेवणाच्या पंगतीतच सांगा. पुन्हा आग्रह होत नाही. पण पोट शांत असताना भीतीपोटी सगळंच सोडणं हाही मूर्खपणा. बांगडा, भाकरी, मोदक, जे पचतं ते खा. सगळ्यांना चालेल असा एकच आहार या आजारात नाही. आधीच रक्त कमी, त्यात लहान आतड्याचं शेवटचं टोक बिघडलं की बी-१२ शोषलं जात नाही. उपाशी राहून त्यात भर घालू नका.

सगळ्यांत जास्त माणसं नापास होतात ती बरं वाटू लागल्यावर. स्टेरॉइड सुरू झालं की भूक लागते, गाल वर येतात, गाव म्हणतं, 'आता बरा दिसतोस!' आणि तुम्ही गोळ्या बंद करता. स्टेरॉइड मनाने एकदम बंद करणं धोक्याचं आहे, आणि ते वर्षानुवर्षं चालू ठेवण्याचं औषधही नव्हे. आजार दाबून ठेवायची औषधं वेगळी असतात, ती बरं असतानाच घ्यायची असतात, आणि त्यांच्यासाठी रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नसतात.

त्यातलं एखादं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. हे छापणाऱ्याने बुरोंडीतला पावसाळा पाहिलेला नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोलीच्या किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. मासेमारीच्या गावात बर्फाला तोटा नाही, ही आपली जमेची बाजू. पण इंजेक्शन बर्फाला टेकवू नका. गोठलं की ते गेलं.

प्रवासाला शक्यतो खेडहून रेल्वे धरा, डब्यात संडास असतो. एसटीने जावंच लागलं तर पुढच्या बाकावर बसा आणि कंडक्टरसाहेबांना तिकीट काढतानाच सगळं सांगून टाका. आपल्या गावात पृथ्वीगोलावर ज्याचा पुतळा उभा आहे त्या परशुरामाने समुद्र मागे हटवला म्हणतात, तुम्हाला फक्त बस थांबवायची आहे.

पोट फुगलं, उलट्या थांबेनात, वारा सरेना, किंवा कळांबरोबर जोराचा ताप आला, तर धडे बाजूला ठेवा आणि रात्र असली तरी दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.

या आजारात लग्न होतं, मुलं होतात, नोकरीही होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं याच आजारासाठी जून १९५६ मध्ये ऑपरेशन झालं आणि नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. तिथल्या इलिनॉय राज्याने २००५ साली कायदाच केला : अशा रुग्णाला दुकानदाराने आपला आतला संडास वापरू द्यावा. आपल्याकडे कायद्याची वाट बघण्यात अर्थ नाही. शेजारच्या लाडघरपासून मुंबईच्या वाटेवरच्या माणगाव-वडखळपर्यंत ज्यांचं हॉटेल, खानावळ किंवा होम-स्टे आहे त्यांना एवढीच विनंती : कुणी घाईघाईने आत येऊन संडास विचारला, तर आधी किल्ली द्या. चहा घेणार का, ते नंतर विचारा.