कंपनीचं कुंपण, गावाची ई-क्लास

सौर वीज वऱ्हाडाला हवीच आहे. रात्रीच्या लाइनवर हरभरा ओलवायला निघालेला कास्तकार बॅटरीच्या उजेडात साप चुकवत धुऱ्यानं चालतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० त्याला दिवसा वीज देणार आहे. खासगी कंपन्यांनी पॅनल उभारायचे, महावितरणनं वीज विकत घ्यायची, करार २५ वर्षांचा. याला विरोध करायचं कारणच नाही.

पण पॅनल उभे कुठं राहतात? स्वतःचं वावर भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, वर दरसाल ३ टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्यानं जाते, आणि अमरावती-अकोल्याच्या खेड्यात सरकारी जमीन म्हणजे बहुतेकदा ई-क्लास, गावाचं गायरान. तिथं गायकी गावाची ढोरं चारतो, भूमिहीन बाई बकऱ्या नेते, कुणी बापाच्या काळापासून तूर पेरतो. सातबाऱ्यावर यांच्यापैकी कुणीच नाही. योजनेचं अनुदान ग्रामपंचायतीला मिळतं, या लोकांच्या हाती काही पडत नाही. चराई बंद झाली की ढोरं शेजाऱ्याच्या कपाशीत शिरतात. मग डोकी फुटतात ती गावातल्या गावात, आणि अशा भांडणाला आपल्याकडं जात चिकटायला वेळ लागत नाही. कंपनीच्या हिशेबात हा खर्च कुठंच धरलेला नसतो.

आंबेडकरी चळवळीचे नेते दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते अशाच पडीक जमिनींसाठी. २०२२ च्या अखेरीस राज्यभर गायरानावरच्या लोकांना हटवण्याच्या नोटिसा निघाल्या. भूमिहीन पेरतो ते अतिक्रमण, आणि कंपनीला तीच जमीन मोकळी दिसते. हा अन्याय आहे.

कंपनीपुढं गावाचा हक्क मागे पडणं अमरावतीनं एकदा भोगलंय. नांदगावपेठच्या १३५० मेगावॅटच्या औष्णिक प्रकल्पाला अप्पर वर्धा धरणाचं ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं, तेव्हा ओलिताची वाट पाहणारे शेतकरी रस्त्यावर आले, प्रकरण कोर्टात गेलं. तो कोळसा होता. सूर्याच्या नावानंही तसंच घडलं, तर इथला माणूस हवामान बदलाच्या कामावरच चिडेल, आणि दुष्काळाचा पहिला मारही त्यालाच बसणार आहे.

म्हणून खांब रोवायच्या आधी ग्रामसभा झाली पाहिजे. ढोरांची पांदण आणि पाणवठा मोकळा सुटला पाहिजे. शेतमालकाला मिळतं तेवढंच भाडं ई-क्लासलाही लावावं, आणि त्यातला वाटा चारणाऱ्या-पेरणाऱ्यांच्या खात्यात थेट जमा व्हावा. त्यांची यादी गावानं करावी. ती कराराला जोडली जाईपर्यंत ग्रामसभेनं ठराव देऊ नये.