पैकीच्या पैकी एक

विद्यापीठाच्या एलएमएसला, म्हणजे अध्ययन व्यवस्थापन प्रणालीला, बाहेरचा ऑनलाइन अभ्यासक्रम जोडणे अगदी सोपे असते, असे तो कधीही न जोडलेले सर्वजण सांगतात. एक झिप फाइल चढवायची, झाले!

त्या झिपला स्कॉर्म म्हणतात. हे मानक अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने आले, आणि २००१ सालची १.२ ही आवृत्ती अजून ठणठणीत आहे. विद्यार्थी कुठवर पोचला, काय सोडवले, हे लक्षात ठेवायला ती ४०९६ अक्षरे देते. मोठ्या अभ्यासक्रमात ही जागा भरली, की मुले परत येतात तेव्हा भलत्याच पानावर उतरतात. उजळणी म्हणून हे वाईट नाही. शिवाय ‘पूर्ण केले’ आणि ‘उत्तीर्ण झाला’ यांना मिळून एकच रकाना आहे. नंतरची नोंद आधीची पुसते. म्हणजे उत्तीर्ण झाल्यावर पुढचे पान उघडणे धोक्याचे. आमची मुले हे पथ्य पूर्वीपासूनच पाळतात.

मग तज्ज्ञ म्हणाले, स्कॉर्म जुने झाले, एलटीआय घ्या. यात अभ्यासक्रम बाहेरच राहतो, एलएमएस फक्त खिडकी उघडते. खिडकी उघडली. आत लॉगिनचे पान निघाले. लॉगिन केले. पुन्हा तेच पान. काही ब्राउझर तिऱ्हाइताच्या कुकीज अडवतात. सफारी तर २०२० पासून सरसकट. गोपनीयता हवीच. मुलांचा अभ्यास आता इतका गोपनीय आहे, की तो मुलांनाही दिसत नाही.

गुण मात्र आले, शून्य ते एक या अपूर्णांकात. त्यांना शंभराने गुणायचे राहून गेले. “सर, मला एकच मार्क?” असा एका विद्यार्थिनीचा फोन आला. एक म्हणजे पैकीच्या पैकी, हे मी तिच्या वडिलांना समजावून सांगितले. ते म्हणाले, “मग बाकीचे नव्व्याण्णव कुठे गेले?”

नावांचा तिढा वेगळाच. बाहेरच्या अभ्यासक्रमाच्या पोर्टलला आधी नाव हवे, मग आडनाव. आमच्या यादीत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे. त्यामुळे एका मुलीच्या दोन मुली झाल्या: एकीने अभ्यास केला, दुसरीने फी भरली. दोघींना एक करण्याचा अर्ज परीक्षा विभागात आहे. दोघींच्या सह्या हव्या आहेत.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून घेता येतात. उरलेले ६० टक्के वर्गात होतात. तिथे फळ्याला लॉगिन नसल्याने आम्ही जरा मागासलेलेच आहोत.

असो. जोडणी झाली आहे, असे बैठकीत ठरले. पुरावा म्हणून जिओटॅग केलेला फोटो मागितला आहे, अक्षांश-रेखांशांसह. अभ्यासक्रम ऑनलाइन आहे, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

उत्तर आले : हरकत नाही, मागे बॅनर लावा.