चार आण्यांची कोंबडी

जुना डिजिटल कॅमेरा बिघडला की घरात दोन पक्ष पडतात. आमच्याकडे दुसऱ्या पक्षात मी एकटाच होतो. कॅमेरा २००५चा, पाच मेगापिक्सेलचा. बटण दाबलं की लेन्स कण्हत अर्धी बाहेर येई, तिथेच अडे, तीनदा बीप वाजे आणि स्क्रीन काळा.

"दुरुस्त करून घेऊ," मी म्हटलं.

"चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!" हिने निकाल दिला. आमच्या मिक्सरची भांडी, कपलर, मोटर सगळं बदलून झालंय, मूळचा फक्त आवाज उरलाय. पण त्याला हा कायदा लागू नाही.

सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला, "सर, ह्याचे पार्ट्स बंद झाले. नवाच घ्या." नवा कुठला, ते मात्र त्याला सांगता येईना. २०१० साली जगभरात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३मध्ये ऐंशी लाखसुद्धा नाहीत. मधले सगळे मोबाइलने गिळले. खिशात मावणारे साधे कॅमेरे दुकानांतून जवळजवळ उठलेच, आणि जे उरलेत त्यांच्या किमतीत चांगला डबल डोअर फ्रिज येतो. हा हिशेब हिने माझ्याआधी केलेला होता.

शेवटी फोर्टातला बोरा बाजार गाठला. कारागिराने डोळ्याला भिंग लावलं, एकेक स्क्रू काढून क्रमाने चिकटपट्टीवर बसवला. मी कुतूहलाने बोट पुढे केलं, तसा तो ओरडला, "अहो साहेब, हात काढा! बॅटरी काढली तरी फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट बसलेले असतात." ते त्याने आधी उतरवले. मग चिमट्याने लेन्सच्या कड्यातून एक कण काढून माझ्या तळहातावर ठेवला. वाळू.

"कोकण?"

"गुहागर."

"बहुतेक तिकडचीच निघते," तो म्हणाला. त्या कणापायी आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचा दात गेला होता. एखादा मेलेला पीस मिळवून त्यातली लेन्स बसवावी लागणार होती. अठराशे रुपये. "पूर्वी आठशेत करायचो. आता कॉलेजची पोरं शोधत येतात, मेलेल्या पीसलाही भाव आलाय."

हे खरं असल्याचं घरी कळलं. पुतणी आली आणि दारातूनच म्हणाली, "काका, तुमच्यात सीसीडी आहे ना?" मला वाटलं, एखादी तपासणी राहिली. तर सीसीडी म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांतला सेन्सर. पुढे सीमॉसने त्याची जागा घेतली, आणि जुन्याचे रंग काही औरच, अशी या पिढीची श्रद्धा. रंग आतल्या प्रोसेसिंगवरही ठरतात, हे मी सांगू लागलो तोवर तिने मोबाइलवर अशाच कॅमेऱ्याची किंमत काढून हिच्यापुढे धरली होती.

कोंबडीचा भाव वाढल्याबरोबर पक्षांतर झालं. "मी म्हणतच होते, चांगली वस्तू टाकायची कशाला?" ही म्हणाली. दादाला आठवलं, की कॅमेरा घेताना निम्मे पैसे त्याने दिले होते.

दुरुस्त होऊन आला तर त्यात नवं चौसष्ट जीबीचं कार्ड चालेना. त्याची झेप दोन जीबीपर्यंतच. बाजारात तसलं कार्ड मिळणं लेन्सपेक्षा अवघड. अखेर हिच्या शिवणाच्या डब्यात, बॉबिन आणि हुकांखाली एक सापडलं.

पुतणीने पहिला फोटो काढला. चेहरे पांढरेफटक, डोळे लालभडक. फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असला की उजेड डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांवरून थेट परत येतो, त्याचा हा प्रताप. "काय व्हाइब आहे!" ती किंचाळली आणि फोटो फॅमिली ग्रुपवर गेला.

अस्सेच फोटो मी २००६ साली मेव्हण्याच्या लग्नात काढले होते. नवरीची हडळ केली म्हणून सासूबाई कित्येक दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या, आणि मेव्हण्याने समोर उभं राहून सगळे डिलीट करायला लावले होते.

संध्याकाळी त्याचाच फोन. "भावजी, आमच्या लग्नातले ते लाल डोळ्यांचे फोटो कुठे असतील का हो?"

"नाहीत रे," मी म्हटलं. "पण कॅमेरा दुरुस्त झालाय. लग्नाचं तेवढं तू बघ."