कसाबनाना

कसाब हे नानांचं आडनाव नव्हे, हुद्दा आहे. भारतीय व्यापारी जहाजांवर सारंग, टिंडेल, खलाशी अशी जी जुनी उतरंड, तिच्यात भांडाराच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला तो कसाब. दोर, साबण, ब्रश आणि रंग त्याच्या ताब्यात. २००८ नंतर गावातल्या शहाण्यांनी नानांना सुचवलं, की आता नुसतं 'नाना' बरं. नाना म्हणाले, "हुद्दा माझा आधीचा आहे." विषय तिथेच संपला.

जन्म जहाजावर काढून नाना दाभोळ खाडीच्या काठी आमच्या गावात परतले, तेव्हा ट्रंकेतून परदेशी काय निघतं ते बघायला अर्धी वाडी जमली होती. निघाले एकवीस ब्रश. तेही वापरलेले, पण केस न् केस धुतलेला. वाडी चहासुद्धा न घेता घरी गेली.

नानांच्या गोठ्यात आता गुरं नाहीत, डबे आहेत. या जागेला 'गोठा' म्हटलेलं त्यांना खपत नाही. ते 'पेंट लॉकर'. डावीकडच्या फळीवर बेस, उजवीकडच्या फळीवर हार्डनर, मधे हातभर अंतर. होड्यांना हल्ली जे दोन डब्यांचे रंग आणि व्हार्निश येतात, इपॉक्सी म्हणा, पॉलियुरेथेन म्हणा, त्यांचा सगळा जीव या अंतरात आहे असं नाना मानतात. एकदा त्यांच्या नातवाने दोन डब्यांची झाकणं अदलाबदल करून लावली. पुढल्या खेपेला ती छिन्नी लावून उघडावी लागली. नातू तेव्हा पाच वर्षांचा होता. आता कॉलेजात आहे, पण त्याला लॉकरात अजून प्रवेश नाही.

प्रत्येक डब्यावर मार्करने तीन नोंदी: आणला कधी, उघडला कधी, उरलं किती. ही सवय पुढे स्वयंपाकघरात शिरली. लोणच्याच्या बरणीवर तारीख, कोकमाच्या बाटलीवर तारीख. काकू वैतागून म्हणाल्या, "माझ्या कपाळावर पण घाला एक." नाना गंभीरपणे म्हणाले, "तुझी लग्नपत्रिकेवर आहे."

खरा वैरी दमट हवा, आणि आमच्या खाडीवर तिला तोटा नाही. पॉलियुरेथेनच्या हार्डनरला पाण्याचा अंश लागला की तो आतल्या आत वायू सोडतो आणि बंद डबा तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगतो. म्हणून उरलेला हार्डनर नाना लहान डब्यात गळ्याशी भरून ठेवतात, हवेला जागाच ठेवत नाहीत. लहान डबा नसला तर आत काचेच्या कोरड्या गोट्या सोडून पातळी वर आणतात. वाडीतल्या पोरांच्या गोट्या कुठे हरवतात, याचा उलगडा मला तिथे झाला. मी बोललो नाही. मला व्हार्निश हवं होतं.

पावसात तर डब्याला हात लावू देत नाहीत. मासेमारी बंद असते जून आणि जुलै. नारळी पौर्णिमा तोंडावर आली की प्रत्येकाला आपली होडी चकाचक हवी असते. मग नानांच्या अंगणात रांग लागते. नाना ओलं फडकं घेऊन होडीपाशी जातात, फळीवर एक पट्टा पुसतात आणि घड्याळाकडे बघत उभे राहतात. पंधरा मिनिटांत पट्टा सुकला नाही तर "आज नाही" एवढंच म्हणून परत फिरतात. पोरं मागून शिव्या देतात. नाना ऐकतात, पण फडकं वाळत घालून मगच उत्तर देतात.

त्यांचं कायमचं भांडण फायबरवाल्यांशी. फायबरच्या होडीचं पॉलिस्टर रेझिन लवकर धरायला हवं असेल, तर कारागीर हार्डनर थेंबभर वाढवतो, आणि ते बऱ्यापैकी चालतंही. तीच खोड इपॉक्सीला लावली की घात. "विरजण नाही ते, जास्त घातलं की दही लवकर लागेल असं!" नाना ओरडतात. इपॉक्सीत जेवढा बेस तेवढ्यापुरताच हार्डनर कामाला येतो. जास्तीचा तसाच चिकट पडून राहतो.

इपॉक्सीच्या परदेशी कंपन्यांबद्दल त्यांना आदर होता. मग मी एकदा वाचून दाखवलं, की फेनाल्कमाईन नावाचा जो हार्डनर दमट हवेतही धरतो, तो काजूच्या टरफलाच्या तेलापासून करतात. नाना बराच वेळ खाडीकडे बघत बसले. त्यांचे आजोबा हेच तेल होडीला फासत आणि हाताची सालपटं निघाली म्हणून ओरडत. "म्हणजे आमचंच तेल, आणि दर डॉलरचा!" पुढे दोन दिवस ते त्या डब्याशी बोलले नाहीत.

आता माझी गोष्ट. मी शाळामास्तर, मामाकडून आलेली एक सागवानी होडी माझ्या गळ्यात. एका मे महिन्यात नानांना न विचारता मी इपॉक्सी आणलं. आभाळ भरून आलं म्हणून पहिल्या हाताला हार्डनर सढळ घातला. चार दिवस होडी चिकटच. तिच्यावर वाळू, माश्या आणि शेजारच्यांच्या कोंबडीची दोन पिसं. सगळं खरवडून काढलं. दुसऱ्यांदा माप अगदी बरोबर घेतलं, पण सगळा माल एकाच बादलीत मिसळला आणि चहा प्यायला गेलो. पसरट ट्रेमध्ये ओतला असता तर ऊब निघून गेली असती. बादलीत ती साठली. परतलो तेव्हा बादलीतून धूर येत होता आणि तिची एक बाजू वाकली होती.

नाना रागावले की जास्त आदराने बोलतात. "मास्तर, आपण शाळेत गणित शिकवता ना? डब्यावर मुदत लिहिली होती ती पंचवीस अंशांची. दहा अंश वाढले की ती निम्मी होते. आज किती आहे?"

"पस्तीस असेल."

"मग चहा किती वेळ प्यालात?"

मी गप्प.

त्यांनी बादली फेकू दिली नाही. ढवळायची काठी मधोमध उभी, तशीच ती उचलून घरी नेली. तिच्यावर मार्करने लिहिलंय: 'मास्तर. १९ मे. मिसळलं ३ लिटर, वापरलं पाव.' लॉकरचं दार आता वाऱ्याने आपटत नाही.