दारूला पंचवीस, मताला अठरा

“बाई, इंग्लंडात सोळा वर्षांच्या पोट्ट्यायले मत देऊन राहिले म्हन्ते. खरं हाय का?”

कुंपणावर चढलेले दोडके तोडता तोडता मामींनी विचारलं. वेल माझा, कुंपण दोघींचं आणि दोडके, रिवाजाप्रमाणे, मामींचे.

खरं आहे, मी म्हटलं. २०२५च्या जुलैत तिथल्या सरकारनं तसं जाहीर केलंय. फार नवलाचंही नाही. स्कॉटलंडमधल्या सोळा वर्षांच्या पोरांनी २०१४च्या सार्वमतात मत दिलंच होतं. ऑस्ट्रियानं २००७ साली वय सोळावर आणलं, ब्राझीलनं तर १९८८ सालीच.

“मंग आपल्या इकडंबी येईन?”

“लगेच कुठलं! अठरा वर्षं हे राज्यघटनेतच लिहिलंय. ते बदलायचं तर घटनादुरुस्ती लागते.”

“बरं हाय. आमच्या घरच्याले मत देलं तं तो गाडी घेऊन देनाऱ्याले देईन.” घरचा म्हणजे नातू. दहावी सुटल्यापासून त्याचा गाडीसाठी सत्याग्रह चालू आहे आणि गल्लीतल्या सगळ्यांना त्याचा तपशील पाठ आहे.

गाडी काय, मोठी माणसंही घेतातच की, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मामी पुढं निघून गेल्या होत्या. त्या बोटं मोजू लागल्या, की समजावं आता सरकारची खैर नाही. “पोरीच्या लग्नाले अठरा. पोराच्या लग्नाले एकवीस. मताले अठरा. अन् दारूले?”

“महाराष्ट्रात पंचवीस. बिअरला एकवीस.”

“म्हन्जे मुख्यमंत्री निवडाची अक्कल अठराव्या वर्षी येते, अन् चपटी निवडाची पंचविसाव्या!” मामी इतक्या हसल्या की दोन दोडके माझ्याच बाजूला पडले. “अन् आपल्या जिल्ह्यात तं पंचाहत्तरीतही येत नाई.”

आमच्या गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली लागू झाली आणि २०२१ साली उठलीसुद्धा. निवडणुकीच्या आदल्या रात्री कागदावरची बंदी कुठं जाते, हे मामींना विचारायची सोय नाही. संध्याकाळ पुरायची नाही. मात्र एक गोष्ट मला नेहमी वाटते. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांनी आडव्या बाटलीवर मत द्यायचं, असा नियम राज्यात आहे, आणि तिथंही यादी मतदारांचीच. म्हणजे बाप रोज रात्री पिऊन येतो त्या घरातल्या सतरा वर्षांच्या पोरीला त्या बाटलीबद्दल विचारत नाहीत. ती आईला दवाखान्यात नेते, धाकट्याला घेऊन शेजारी झोपायला जाते. बाटली आडवी करायला मात्र ती लहान.

वयाच्या या पायऱ्या कोणी बसून एकत्र जुळवलेल्या नाहीत. मत अठराला, ग्रामपंचायतीला उभं राहायला एकवीस, आमदार-खासदार व्हायला पंचवीस, राज्यसभेला तीस. इंग्रजांविरुद्ध उठलेले बाबुराव शेडमाके १८३३ साली जन्मले, १८५८ साली इंग्रजांनी त्यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिली. म्हणजे आजच्या कायद्यानं आमदारकीचा अर्ज भरायच्या वयाचे नुकते होत होते, तोवर त्यांचं बंड करून झालेलं होतं. आणि भामरागडकडच्या कोठीची भाग्यश्री लेखामी विशीतच सरपंच झाली, ते तर अलीकडचंच.

“तुमचं पहिलं मत कितव्या वर्षी?” मी विचारलं.

“एकोनीस. लग्न झालं होतं, मोठी पोरगी पोटात होती. शिक्का मारला होता, मशीन कुठं होती तवा.”

म्हणजे १९८९. मामींना ठाऊक नाही, पण त्या थोडक्यात सुटल्या. मतदानाचं वय तोवर एकवीस होतं. राजीव गांधींच्या सरकारनं एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनं ते अठरावर आणलं, २८ मार्च १९८९पासून लागू झालं आणि नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक. नव्या पोरांना मत देणाऱ्या पक्षाला पोरं पावतील असा सगळ्यांचा अंदाज. चंद्रपूरनं शांताराम पोटदुखेंना काँग्रेसकडूनच परत पाठवलं खरं, पण देशभरात काँग्रेस १९७ जागांवर आली आणि सरकार गेलं. पोरांना मत दिलं की ती आपल्याच खिशात, असं समजणाऱ्या आजच्या पुढाऱ्यांनी हा हिशेब एकदा बघावा.

“मग? कोणाला दिलं होतं?”

“मले काय मालूम! सासऱ्यानं सांगतलं त्या चिन्हावर मारला शिक्का. घोड्यावर मार म्हनले असते तं घोड्यावर मारला असता.” मामींनी दोडका हातात तोलला. “म्हनूनच म्हन्तो बाई, सोळा वर्षाचं पोट्टं घरच्यायच्या हाताखाली असते. मत त्याचं अन् डोकं बापाचं.”

हा आक्षेप हलका नाही. पण मामींचं डोकं सासऱ्याचं होतं ते वय कमी म्हणून, की सून म्हणून? पंचविशीत तरी सासऱ्यानं विचारलं असतं का? मी हे बोलले तेव्हा मामी जरा गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “सासरा गेला तवापासून मीच ठरवतो.” सासरे गेले तेव्हा मामी चाळिशी ओलांडलेल्या होत्या.

त्यात आमच्या भागात अठरा म्हणजे नेमके किती, हाही प्रश्नच. मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा जुनी दाखल-खारिज नोंदवही पाहिली होती. पानंच्या पानं १ जुलै. आईनं “पूर आला होता त्या साली” एवढं सांगायचं आणि गुरुजींनी अंदाजानं साल धरून १ जुलै टाकायचं, म्हणजे पोरगं पहिलीत बसायला बरोबर सहा वर्षांचं होतं. अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं! मतदार यादीसाठी वय पूर्वी फक्त १ जानेवारीला मोजायचे, त्यामुळं ही सगळी १ जुलैवाली मंडळी अठरा होऊनही सहा महिने ताटकळायची. २०२२पासून वर्षाला चार तारखा झाल्यात: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर यांची पहिली तारीख. सतरा पूर्ण झाले की अर्जही आधीच देता येतो. गुरुजींच्या अंदाजाला निवडणूक आयोगानं इतक्या वर्षांनी मान दिला म्हणायचा.

माझं म्हणणं मामींना पटत नाही, तरी इथं सांगते. सोळाच्या पोरांना मत द्यायचं तर सुरुवात दिल्लीपासून करू नये, ग्रामसभेपासून करावी. हे मी उगाच मनाचं बोलत नाही. अठराची गोष्टसुद्धा काही राज्यांनी आधी स्थानिक निवडणुकांत करून पाहिली होती, मग संसदेनं ती देशाला लावली.

आणि आमच्याकडं ग्रामसभा म्हणजे पंधरा ऑगस्टला झेंड्यानंतर उरकायची बैठक नव्हे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली केंद्रातले मंत्री जयराम रमेश स्वतः आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. देवाजी तोफांचं गाव ते. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात. हात मोजतच नाहीत, कोणाचं म्हणणं अडलं तर पुन्हा बसतात. तिथल्या लोकांसमोर मतदानाच्या वयाचा वाद काढला तर ते आधी विचारतील, मोजायचं कशाला? पुढं जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू विकू लागल्या, तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. लाखोंचा व्यवहार. आमदार गावासाठी काय करील ते पाच वर्षांनी दिसेल. ग्रामसभेनं ठेकेदार चुकीचा निवडला तर त्याच पावसाळ्यात घरात बियाण्याला पैसा नसतो.

आता त्या पत्त्याला हात कोण लावतं? मामींची थोरली नात अकरावीत आहे, वय सोळा. दर मे महिन्यात मामींच्या माहेरी जाते, त्यांच्या भावाकडे. पहाटे अंधारात जंगलात. हल्ली वाघाच्या भीतीनं पाच-सहा जणी मिळून आणि एकमेकींना हाका मारत. ऊन चढायच्या आत ओझं घरी. मग दुपारभर ओसरीवर पुडे बांधणं. सत्तर पानांचा एक पुडा, असे हजार पुडे म्हणजे एक स्टँडर्ड बॅग. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे आणि कार्डावर आकडा लिहून घ्यायचा. भाऊ-भावजयीला अक्षर जेमतेम, म्हणून कार्ड हिच्याकडे. गेल्या हंगामात फळीवर मोजणाऱ्यानं आकडा कमी लिहिला तेव्हा हिनं रांग सोडली नाही, सगळे पुडे परत मोजायला लावले. मागच्या सालची रॉयल्टी कोणत्या ठेकेदाराकडे थकली आहे, हे गावातल्या कुठल्याही कारभाऱ्याइतकंच तिला माहीत आहे.

पण वनहक्क कायद्यानं ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे प्रौढ. आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्यानं मतदार यादीत नाव असलेले. ही बाहेर, पारावर.

“ते खरं हाय,” मामी म्हणाल्या. नातीचं कौतुक झालं की त्या जरा नरमतात. “पन सगळे पोट्टे तिच्यासारखे नाई ना. ठेकेदार एका कोंबड्यावर धा पोट्टे फिरवन.”

“आणि मोठे?”

“मोठ्यायले दोन कोंबडे लागतेत.”

यावर मी काय बोलणार! तरी एक मुद्दा मी रेटलाच. ऑस्ट्रियातल्या अभ्यासकांना दिसलं की सोळा-सतराची पोरं अठरा-वीसच्यांपेक्षा जास्त संख्येनं मत द्यायला गेली. कारण साधं आहे, सोळाचं पोर घरी असतं. आमच्याकडं तर हे डोळ्यांनी दिसतं. अठरा लागलं की पोट्टे नागपूर, पुणे, नाहीतर हैदराबादच्या वाटेला. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या गाड्या भरतात त्यात तर नवरा-बायको-पोरं सगळीच. नाव यादीत गावचं, माणूस कंपनीच्या खोलीत. २०२४च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरनं जवळपास ७२ टक्के मतदान केलं, राज्यात सर्वांत जास्त. नक्षल भागात मतदान दुपारी तीनलाच आटपतं, काही ठिकाणी मतदान पथकं हेलिकॉप्टरनं जातात आणि पुढं पायी, तरी लोक रांगा लावतात. त्या रांगेत केस पांढरे किती आणि काळे किती, ते कोणी तरी मोजून पाहावं असं मला फार वाटतं. मत द्यायची सवय लागायची तर पोर गावात असतानाच लागेल.

“अन् समजा, मत नाही तर नाही,” मी म्हटलं, “नुसतं बोलू तरी द्यावं. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असा आपल्या राज्यात नियमच आहे. तशी चौदा ते अठराच्या पोरांची घ्यावी. शाळा, वसतिगृह, एसटी, वाघाची वाट, यावर त्यांचं काय म्हणणं आहे ते ग्रामसभेत वाचून दाखवावं.”

मामींनी दोडके पदरात बांधले. “बायकायच्या सभेचं नका सांगू मले. मागं माहेरी गेली होती तं शिपाई रजिस्टर घेऊन दारात. वहिनीले म्हने, महिला सभा झाली, सही करा. वहिनी म्हने, कवा झाली? तं म्हने, आत्ताच, तुमच्या सहीनं.”

“मग? केली सही?”

“करतच होती ना! पेन हातात घेतला होता. आमची नात मधात आली. म्हने, थांब, वर का लिहिलं हाय ते वाचू दे. वाचलं तं ठराव लिहून तयार. मंग वहिनीनं नाईच केली. बाजूच्या घरी सांगतलं, तिथंबी नाई केली कोनी.”

“आणि सभा?”

“घ्याच लागली. आठ दिवसानं. पंचवीस-तीस बाया आल्या. तेंदूचे पैसे नवऱ्याच्या खात्यात काहून येते, आमच्या काहून नाई, हेच इचारत बसल्या दुपारभर. अन् आमच्या पोरीले बाहीर बसवलं. म्हने, अठरा झाले नाई.”